तेवीस नंबरचं पाकीट

बुरुलसुन एजेने तीस वर्षं ट्रॉलीबस चालवली. आता ती सहासष्ट वर्षांची आहे, म्हणून आम्ही सगळे तिला एजे म्हणतो, म्हणजे ताई. तिच्या हृदयाची एक धमनी पूर्ण बंद होती. कधीपासून, ते कोणालाच माहीत नव्हतं.

ती मला आमच्या रुग्णालयात भेटली. साहित्याची पदवी घेऊन मी तिथे नोंदवही सांभाळते. तेव्हा एक अभ्यास चालू होता. पूर्ण बंद धमनी उघडली की तिच्यात जाळी बसवतात, म्हणजे स्टेंट. जाळ्या दोन प्रकारच्या. दोन्हींवर औषधाचा लेप. एक जुनी, जरा जाड तारेची, दुसरी नवी, बारीक तारेची. कोणाला कोणती, हे नंबर घातलेल्या बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरायचं. डॉक्टरांची वाट काढणारी तार बंद जागेतून पलीकडे गेली की क्रमाने पुढचं पाकीट फोडायचं. आत काय निघालं ते रुग्णाला सांगायचं नाही.

मी तिला संमतीपत्र वाचून दाखवलं.

"चांगली कोणती?"

"तेच माहीत नाही, एजे. म्हणून तर हा अभ्यास."

"बरं झालं खरं बोललीस." तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुरुषांच्या वॉर्डातले चिनिबेक अक्सकल, म्हणजे चिनिबेक आजोबा, छाती फुगवून म्हणाले, "मला बारीक तारेची मिळणार. सालकिनने वेगळी काढून ठेवलीय. अठ्ठ्याहत्तर वर्षं उगाच नाही जगलो."

सालकिन आमची मुख्य परिचारिका. आमच्यात मेंढी कापली की हाडं वयाच्या मानाने वाटतात. मोठ्याला लहानाचं हाड गेलं तर तो अपमान नातवंडांपर्यंत पोचतो. सालकिन पाकीट दिव्यासमोर धरायची. कागद पातळ होता. बारीक तारेची पाकिटं ती म्हाताऱ्यांसाठी बाजूला ठेवायची. तिला वाटायचं, आपण रीत पाळतोय.

मला हे वसंत ऋतूपासून माहीत होतं. वहीत नंबर उड्या मारत होते. मी गप्प होते.

अक्सकलांचं ऐकून एजे माझ्या टेबलाशी आली. "वही दाखव."

तिने बोट ठेवत नंबर वाचले. बावीसपर्यंतचे सगळे झाले होते. त्यापुढे मधूनच पंचवीस, सत्तावीस.

"आमच्या डेपोत नव्या गाड्या आल्या," ती म्हणाली. "सगळ्या ज्येष्ठ ड्रायव्हरांना दिल्या. मलाही. आम्ही सावकाश चालवायचो. वीज कमी लागली. साहेब म्हणाले, नवी गाडी वीज वाचवते. आणखी वीस आणल्या, पोरांना दिल्या. कसली वीज नि कसली बचत! इथेही तेच. नव्या जाळ्या सगळ्या म्हाताऱ्यांना. आम्ही काय, मरणारच. मग म्हणतील, नवी जाळी वाईट. डॉक्टरला सांग."

"सालकिन एजे माझ्या आईच्या वयाच्या आहेत."

"मग मी बोलते. मी तिच्याहून मोठी."

ती बोलली. मी दारात होते.

"तुमचं पाकीट बाजूला ठेवलंय, एजे," सालकिन म्हणाली.

"परत जागेवर ठेव."

"जाड तारेच्या जाळीत धमनी पुन्हा बंद होते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"सगळ्यांना कळलंय, तर डॉक्टर काय बटाटे सोलतोय?"

सालकिन हसली. एजेच्या खांद्यावर थोपटून गेली. आमच्यात मानाचं हाड लगेच घेत नाहीत. तीनदा नको म्हणायचं, मग घ्यायचं. सालकिनने हा पहिला नकार धरला.

गुरुवारी एजेला टेबलावर घेतलं. ती जागी होती. मी काचेपलीकडे वही घेऊन बसले होते. दोन तास दहा मिनिटांनी तार पलीकडे गेली. डॉक्टर एमिल म्हणाले, "पाकीट."

सालकिनने आणलं.

"नंबर काय?" एजेने विचारलं.

"एजे, हलू नका," डॉक्टर म्हणाले.

"हलले कुठे? तोंड तेवढं हलतंय. नंबर सांग, सालकिन."

"तीस."

"तेवीस आण."

डॉक्टरांनी मान वर केली. "हा काय प्रकार?"

मग त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. "पुढचा नंबर कोणता?"

मी वहीवर बोट ठेवलं. "तेवीस."

"मग हातात तीस कसं?"

"वसंत ऋतूपासून असंच चाललंय," मी म्हणाले.

सालकिन रडायला लागली. "आईच्या वयाची माणसं, डॉक्टर. त्यांना उरलंसुरलं कसं देऊ?"

"ए, तार माझ्या काळजात आहे," एजे म्हणाली. "भांडण नंतर करा. तेवीस आणा."

तेवीस आणलं. फोडलं. आत काय होतं ते मी पाहिलं आणि लिहिलं. एजेने डोळे मिटून घेतले होते.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी वरती पत्र लिहिलं. आमच्याकडचा अभ्यास बंद झाला. निवडून दिलेली पाकिटं हिशोबातून काढली. तेवीस नंबर राहील की नाही, ते अजून कळलेलं नाही. एजेचा मुलगा येऊन तिच्यावर ओरडला, "आयती चांगली मिळत होती!" ती म्हणाली, "चांगली आहे हे तुला ठाऊक असेल तर तू डॉक्टर हो."

सर्वांत जास्त चिडले चिनिबेक अक्सकल. त्यांची पाळी तिच्यानंतर होती. काठी आपटत ते बायकांच्या वॉर्डाच्या दारात आले.

"बाई, म्हाताऱ्यांचा मान घालवलास! आता मला कोणती बसवणार?"

"आता पाकिटं बंद. कपाटात असेल ती."

"माझ्या वयाला हे?"

"मेंढी कापली की घरी या. सगळ्यात मोठं हाड तुमच्या पुढ्यात ठेवीन, नाही ठेवलं तर नावाची बुरुलसुन नाही. जाळी मात्र वयाच्या मानाने नाही."

"मी असा अपमान विसरत नसतो!"

"नका विसरू," एजे म्हणाली आणि पलंगावर सरकून तिने जागा केली. "भांडा खुशाल. पण बसून भांडा, अक्सकल. तुमची धमनी अजून बंद आहे."

ते बसले. जेवणाची गाडी येईपर्यंत भांडत होते.