मायलोनं काढलेला स्टार्टर

मायलो ह्रुष्काला जन्मात कुणाकडे काही मागायला आवडलं नाही. शेजाऱ्याची शिडी मागण्यापेक्षा तो नवी शिडी ठोकून काढायचा. लग्नाआधी लिबीच्या बापाकडे तिचा हात मागायची वेळ आली, तेव्हाही तो म्हणे "मी लिबीला नेतोय" एवढं सांगून मोकळा झाला. बापानं हरकत घेतली नाही. त्याला आणखी मुली उजवायच्या होत्या.

आमच्या आयोवातल्या जत्रेत मातीच्या गोल ट्रॅकवर मोटारींची शर्यत लागते. मायलो तिथं दरवर्षी धावायचा आणि दरवर्षी दुसरा यायचा. दुसरं येणं हा त्या घरचा कुळाचारच झाला होता. त्या साली त्याच्या गुडघ्यांनी आणि लिबीनं मिळून निकाल दिला: यंदा पहिला आलास तर ठीक, नाहीतर गाडी विकायची.

मायलोनं ठरवलं, गाडी हलकी करायची. बॅटरी काढली, ठिणगीपुरता इंजिनावर फिरणारा मॅग्नेटो लावला, स्टार्टर काढला. आता गाडी मागून ढकलूनच चालू करायची. पण तिचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. असली गाडी ढकलली तर चाकं नुसती फिरतात आणि इंजिन झोपून राहतं, कारण गिअरबॉक्समधल्या तेलाला दाब देणारा पंप इंजिनच चालवतं. इंजिन म्हणतं आधी पंप, पंप म्हणतो आधी इंजिन. सासू-सुनेचं असतं तसं.

जुन्या गिअरबॉक्सला मागेही एक पंप असायचा, चाकांवर चालणारा. वारलेल्या पाद्रीबाबांची गाडी भंगारात पडली होती, तिच्यात मायलोला तो सापडला. पाद्रीबाबांनी गाडी कधी जोरात हाकलीच नव्हती, त्यामुळे पंप जवळजवळ कोरा. मग पाद्रीबाबांचा पंप, पाद्रीबाबांचा दांडा, पाद्रीबाबांच्या गिअरबॉक्सचं शेपूट, सगळं मायलोच्या गिअरबॉक्सला बसलं. तोवर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तेलाचं राज्य होतं, आणि लिबी कोलाच्यांची, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांची, कणीक इस्त्रीच्या फळीवर मळत होती.

गाडी चालू होते का ते बघायला लिबीनं ट्रॅक्टरनं ढकलली. स्वतःचा पिकअप मायलोनं शर्यतीच्या गाडीच्या इंजिनापायी आधीच विकला होता.

"अजून जोरात!" मायलो.

"ट्रॅक्टर आहे हा. यानं जोरात कधी बघितलंय?"

पंपानं दाब धरायला चांगला वेग हवा. तेवढा ट्रॅक्टरच्या नशिबात नव्हता.

"जत्रेत ढकलायला पिकअप असतो की," लिबी म्हणाली. "कुणाचा असतो ते ठाऊक आहे ना?"

मायलो तेलाचे हात पुसत बसला. पिकअप वेन्सिलचा, लिबीच्या धाकट्या भावाचा. बंपरला जुनं टायर बांधून तो शर्यतीच्या गाड्या ढकलायचा. मागं एकदा चर्चच्या जेवणात मायलो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "हा पिकअप असा चालवतो की मांडीवर अंड्यांची टोपली आहे." तेव्हापासून मेहुणे-मेहुणे एकमेकांशी लिबीमार्फत बोलत. म्हणजे दोघांचं सगळं ऐकायचं लिबीनं.

जत्रेचा दिवस उजाडला. ट्रॅकचा रिवाज असा, की ड्रायव्हरनं हात वर केल्याशिवाय ढकलणारा गाडीला शिवत नाही. बाकीच्यांचे हात वर झाले, त्यांच्या गाड्या गेल्या. मायलोचा हात हेल्मेटपर्यंत गेला आणि तिथंच घुटमळला. वेन्सिलनं पिकअप शेजारी आणून काच खाली केली.

"दाजी, हेल्मेट सारखं करताय की काही मागताय?"

"हेल्मेट."

"करा सावकाश. मला काही घाई नाही."

निशाणवाला घड्याळ बघायला लागला. शेवटी मायलोनं हात वर केला, दुखऱ्या खांद्यानं करावा तसा, अर्धाच. वेन्सिलनं तेवढ्यावर मानलं. ढकलताना त्यानं एक हिसका दिला नाही, खरोखरच अंडी जपावीत तसा वेग वाढवत नेला. मायलोनं गिअर टाकला आणि इंजिन पेटलं.

आणि मायलो पुढे गेला, सगळ्यांच्या पुढे. लिबी उभी राहिली. शर्यत संपत आलेली, तेवढ्यात मागं पडलेली एक गाडी त्याच्यासमोर आडवी झाली. तिला चुकवताना मायलो गरकन फिरला आणि इंजिन बंद पडलं. पिवळं निशाण लागलं, बाकीच्या गाड्या हळू होऊन रांगेत आल्या. आता ढकलून घेतलं तर रांगेत सगळ्यात मागं लागायचं, आणि नाही घेतलं तर घरी.

या खेपेला मायलोनं दोन्ही हात वर केले.

"दाजी, एकच पुरे होता," वेन्सिल म्हणाला आणि त्यानं पिकअप मागून लावला.

मायलो आठवा आला. दुसरासुद्धा नाही. रात्री वेन्सिल त्यांच्याकडे जेवायला थांबला आणि खसखशीचे कोलाचे एकटाच संपवत होता. मायलोनं ताट त्याच्याकडे सरकवलं, तेही लिबीला मध्ये न घालता.

ठरल्याप्रमाणे गाडी विकायला काढली. लांबून एक गिऱ्हाईक आलं, त्यानं बॉनेट उघडून पाहिलं.

"स्टार्टर नाही? मग चालू कशी होते?"

"मेहुणा लागतो," मायलो म्हणाला.

"माझी बायको एकुलती एक आहे हो."

"मग जमायचं नाही," मायलो म्हणाला आणि त्यानं बॉनेट लावून टाकलं. लिबी पायरीवर बसून बटाटे सोलत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण सोलायची थांबली.