तीन पार्ट्या रांगेत

गेल्या वर्षी मी जबलपुरात इतकी शटरं वर-खाली केली, की माझा उजवा दंड पाहून एखाद्या पैलवानानं आखाडा सोडला असता. दुकानं, गोदामं, हॉल. पनागरपासून भेडाघाटापर्यंत सारं दाखवलं. भाड्यानं गेलं काहीच नाही. शेवटी बायकोनं निकाल दिला: दिवाळीपर्यंत एक तरी सौदा, नाही तर दलालीचं ऑफिस बंद आणि तिच्या भावाच्या सिमेंटच्या दुकानात स्टुलावर बसायचं. मेव्हण्याच्या हाताखाली राहण्यापेक्षा धुआंधार धबधब्याखाली आंघोळ केलेली बरी.

उरला एक हॉल. पाहायला आली कपड्यांच्या कंपनीची मॅनेजर, पोरगेलीशी, नुकतीच बदलून आलेली, चोख हिंदी बोलणारी. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. मग पंधरवडाभर इथं कोणी टोकनाच्या पैशाला हात लावत नाही, आणि तिला तर संध्याकाळपर्यंत जागा कळवायची होती. मालक शेजारीच उभा. मी हिंदीत ठोकून दिलं, मॅडम, तीन पार्ट्या रांगेत आहेत, एक तर रस्त्यातच असेल.

तेवढ्यात बायकोचा फोन. उचलता उचलता माझं शेवटचं वाक्य तिच्याही कानावर गेलं आणि तिनं विचारलं, कुठल्या पार्ट्या? आम्हा इथल्या मराठी लोकांची जुनी खोड: चारचौघांत गुपित बोलायचं ते मराठीत, जणू दाराला कुलूपच लावलं.

"कुठल्या तीन पार्ट्या वं, वर्षभर कुत्रं फिरकलं नाही. ही गेली तर तुझ्या भावाचं स्टूल पुसून ठेव."

फोन ठेवला तर ती मॅनेजर माझ्याकडंच पाहत होती.

"काका," ती अडखळत म्हणाली, "माझी आजी नागपूरची. मला नीट बोलता नाही येत. समजते सगळं."

मालक आम्हा दोघांकडं पाहून हसत होता. त्याला मराठीतलं अवाक्षर कळत नव्हतं. ही हिंदीत एक वाक्य बोलली की माझं ऑफिस संपलं.

ती मराठीतच बोलली. "तुम्ही मराठीत खरं सांगता. मग सांगा, इथे खराबी काय?"

मालकाकडं पाहावं तर सौदा बुडतो, तिच्याकडं पाहावं तर मी. शेवटी छताकडं पाहून बोललो, "मागच्या भिंतीतून पावसात पाणी येते. चुना मारून लपवून राहिले."

"क्या कह रहे हैं?" मालकानं विचारलं.

"कह रहे हैं, जगह अच्छी है," ती म्हणाली. "बस पीछे की दीवार पक्की करवाने का लिखकर दे दीजिए, टोकन आज ही."

मालक त्या भिंतीकडं इतका वेळ पाहत राहिला, की मला वाटलं पितृपक्ष लागून संपलाही. मग म्हणाला, "चलो, करवा देंगे."

टोकन झाल्यावर तिथूनच बायकोला फोन लावला आणि सगळं हिंदीत सांगितलं.

"काहून हिंदीत बोलता," ती म्हणाली, "तब्येत बरी नाही का?"