आतून कडी लागेल अशी खोली

सरचिटणीस कोणाशीही महत्त्वाचे बोलण्यापूर्वी पायातले बूट काढून ठेवीत असत. हे बूट म्हणजे चाकणच्या कंपन्यांत कामगारांना मिळतात ते, पायावर लोखंड पडले तरी बोटे शाबूत ठेवणारे, जाड आणि जड. त्यांच्या नाड्या सोडायलाच वेळ लागे. तोवर समोरचा माणूस, मग तो शिपाई असो की विद्यापीठाचे कुलसचिव, हातातले काम ठेवून वाट पाहत बसे. एकदा कुलसचिवांच्या दालनात त्यांचे स्वीय सहायक नाकाला रुमाल लावून म्हणाले, "अहो, मोज्यांना वास येतोय." सरचिटणीसांनी दुसरा बूटही काढला आणि शांतपणे उत्तर दिले, "येणारच. शिफ्ट करून आलोय. पाय मोकळा असला का जीभ खोटी चालत न्हाई, साहेब. तुमी बी काढा."

मी पिंपरीत सरकारी कचेरीच्या फाटकासमोर टेबल मांडून अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि माझ्या मसुद्यातील स्वल्पविराम हलवण्याचे धाडस आजवर वकिलांनीही केलेले नाही, हे येथे नम्रपणे नमूद करतो. चाकण रस्त्यावरील त्या विद्यापीठात आज जे काचेचे विद्यार्थी भवन उभे आहे, त्याच्या पायात सिमेंटच्या आधी माझे अर्ज पडले आहेत. ते अर्ज माझ्याकडून लिहवून घेणारा माणूस म्हणजे सरचिटणीस.

खरे पाहता विद्यार्थी संघात सरचिटणीस असे पदच नव्हते. संघ म्हणजे सायकल स्टँडमागची एक पत्र्याची शेड, तीत दोन बाके आणि एक गळका माठ. सरचिटणीस मूळचे चऱ्होलीचे. घरचे रान सोसायट्यांच्या पार्किंगखाली गेले, म्हणून ते कंपनीत लागले आणि शिकायचे राहिले होते म्हणून विद्यापीठातही. एक पदवी संपली की दुसरीला नाव घालत. "विद्यार्थी राह्यलो तरच विद्यार्थ्यांचं बोलता येतं," असे त्यांचे म्हणणे. केस पांढरे झाले तरी ओळखपत्र गळ्यात. पोरांनी थट्टेने त्यांना सरचिटणीस म्हटले आणि पुढे थट्टा गळून पडली, पद तेवढे राहिले.

माझ्या व्यवसायाचा एक जुना दंडक आहे. अर्ज लिहून झाला की तो अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवावा, त्याने 'बरोबर' म्हटल्यावरच सही घ्यावी. सरचिटणीसांनी हा दंडक उलटा केला. ते मुलांना माझ्या टेबलाशी आणत आणि मुलांनाच वाचायला लावत. "ज्याचं दुखणं त्याच्या तोंडून आलं पायजे. अर्जनवीस वाचत्यात तवा समदंच खरं वाटतं," असे ते म्हणत. ही माझी स्तुती होती, असे मी धरून चालतो. वाचताना मुलगा ज्या शब्दावर अडखळे, त्यावर ते बोट ठेवत. "हितं अडकला. म्हंजे हे त्याचं न्हाई, तुमचं हाय. काढा." माझे कित्येक उत्तम शब्द त्यांनी असे कापले. दुसऱ्या कोणाला मी ते करू दिले नसते.

या अर्जांतली मूळ मागणी एका मुलीमुळे निघाली. तिचे नाव प्रज्ञा. वडील कंपनीतून निवृत्त झालेले, घर पिंपरीच्या वसाहतीत. ती चाकणला वायरिंगच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला काम करी. सकाळी पाळी सुटायची, तास अकराचा. मधल्या वेळात घरी जाऊन परत येणे म्हणजे नुसता बसचा प्रवास. म्हणून ती ग्रंथालयाच्या जिन्यावर पिशवी उशाला घेऊन, तोंडावर ओढणी टाकून पडत असे. तिच्यासारख्या आणखीही होत्या. जाणारे येणारे त्यांना ओलांडून जात, कोणी ओलांडताना हसत, कोणी फोटो काढीत. एके सकाळी सरचिटणीस स्वतःची पाळी संपवून त्या जिन्यावर आले आणि तास सुरू होईपर्यंत खालच्या पायरीवर पहारा देत बसले. दुपारी तिला घेऊन थेट माझ्याकडे आले.

मी मसुदा केला होता: 'विद्यार्थिनींकरिता सुसज्ज विश्रांतिकक्षाची तरतूद व्हावी.' सरचिटणीसांनी मान हलवली.

"सुसज्ज काढा, अर्जनवीस. सुसज्ज म्हणलं का सोफा आत येतो आन् माणूस भाईर राहतो. लिहा, आतून कडी लागेल अशी एक खोली."

"कडीचा उल्लेख अर्जात शोभत नाही," मी म्हणालो.

"तुमाला शोभत न्हाई. प्रज्ञे, तुला काय पायजे?"

"कडी," ती म्हणाली.

मी कडी लिहिली.

कुलसचिवांनी तो अर्ज वाचला आणि बाजूला सारला. "हे विद्यापीठ आहे, धर्मशाळा नव्हे." सरचिटणीस दालनाबाहेर अनवाणी बसून राहिले. आतबाहेर करणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत, "मुक्काम न्हाई मागत, पाठ टेकायला जागा मागतोय." शिपायाला ते पाठ झाले. पुढे पुढे साहेब बाहेर यायच्या आधी तोच आत जाऊन सांगे, "पाठ टेकायवाले आलेत." कुलसचिव बदलले, सरचिटणीस तिथेच राहिले. दरवर्षी नवा अर्ज, त्यात तेच वाक्य.

अखेर नवीन विद्यार्थी भवन मंजूर झाले. आराखड्याचे रंगीत चित्र विद्यापीठाच्या फाटकावर लागले आणि सगळ्या रस्त्याला मत फुटले. चहावाला म्हणाला, "काच लई आहे राव, पुसणार कोण?" रिक्षावाल्याला ते शोरूम वाटले. पोरांना व्यायामशाळा हवी होती. सरचिटणीस चित्रासमोर उभे राहून प्रत्येकाचे ऐकत आणि शेवटी म्हणत, "काच असू द्या, मॉलवानी दिसू द्या. आतमधी कडी हाय ना, झालं तर!" भवनाच्या व्यवस्थापन समितीवर विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली तेव्हा मी स्वतः जिलबी आणली. प्रज्ञा कामावरून तशीच आली होती. सरचिटणीसांनी बूट काढले, टेबलाखाली सारले आणि म्हणाले, "आता मागायचं न्हाई, अर्जनवीस. आता आतमधी आपला माणूस हाय." त्या दिवशी माझे डोळे भरले होते.

उद्‌घाटनाचे निमंत्रण मला आले नाही. मोठ्या समारंभात असे राहून जाते, अशी मी मनाची समजूत घातली. पुढे भवनाविषयी सर्वांचे अभिप्राय घेण्यासाठी तिथल्याच सभागृहात सभा ठेवली गेली. ती सर्वांना खुली होती, म्हणून मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. व्यासपीठावर समितीचे सदस्य होते. सरचिटणीस मधोमध बसले होते. पायात चकचकीत तपकिरी बूट होते आणि ते पायातच होते.

अभिप्राय सुरू झाले. एक प्राध्यापक ध्वनियोजनेवर बराच वेळ बोलले. एका मुलाने कॉफी महाग असल्याचे सांगितले, टाळ्या पडल्या. एका मुलीला जिना फार आवडला होता. मग मागच्या रांगेतून प्रज्ञा उठली. ती अजूनही चाकणला जाते, आता दुसऱ्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

"दादा, कडीची खोली कुठंय?"

सरचिटणीसांनी समोरचा कागद उलटला. "असं आहे, मॅडम, भवनाचा आराखडा तज्ज्ञांनी केलेला आहे. विश्रांतीसाठी तळमजल्यावर आसनव्यवस्था आहे."

माणूस तोच आहे ना, हे मी पुन्हा पाहिले. प्रज्ञेची मॅडम झाली होती आणि चऱ्होलीची बोली ते कुठे ठेवून आले होते, कळेना.

"तळमजला सगळा काचेचा आहे, दादा. तिथं डोळा लागला तर रस्त्यावरचे रिक्षावाले पण बघतात."

लोक हसले. सरचिटणीसांचा चेहरा लाल झाला. ते माइकजवळ वाकले.

"हे विद्यार्थी भवन आहे. धर्मशाळा नव्हे."

हे वाक्य मी ओळखत होतो. त्या वाक्याविरुद्ध मी इतकी वर्षे लिहीत आलो होतो. प्रज्ञाही ओळखत होती. ती खाली बसली नाही.

"एका खोलीला आहे कडी, सर," ती म्हणाली. दादा तिथे संपला. "पहिल्या मजल्यावर. आम्ही हात लावून बघून आलो. दारावर तुमच्या नावाची पाटी आहे."

सभागृहात कोणी हसले नाही. मग कोणीतरी माइक पुढे नेला आणि पार्किंगचा विषय निघाला.

त्यानंतर एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. स्टूल ओढून बसले. बोली परत आली होती.

"तुमाला काय वाटलं आसंल, कळतंय मला. पर आत बसल्याव समजतं. एक खोली दिली का लोक धा मागत्यात."

"लोक नव्हे," मी म्हणालो. "आपण मागत होतो."

ते रस्त्याकडे पाहत राहिले. "आमच्या घरात नऊ माणसं व्हती. कंपनीत तर तुमाला ठावं हाय. जल्मात पयल्यांदा दार लावून बसाया मिळालंय मला, अर्जनवीस. आतून. कोन येत न्हाई, कोन उठवत न्हाई."

हे खरे होते, याची मला खात्री आहे. एवढे खरे ते त्या व्यासपीठावर बोलले असते, तर मी त्यांना क्षमा केली असती, कदाचित प्रज्ञेनेही. मी त्यांच्या पायांकडे पाहिले. नव्या बुटांना नाड्या नव्हत्या. टाचेने नुसते रेटले असते तरी निघाले असते. मी वाट पाहिली.

"चहा सांगू?" मी विचारले.

"न्हाई, मीटिंग हाय," असे म्हणून ते उठले. ते पुन्हा माझ्याकडे आलेले नाहीत. वाईट एवढेच की, आजही एखादा अर्जदार वाचताना अडखळला की माझे बोट आपोआप त्या शब्दावर जाते आणि मी तो कापतो. ही खोड त्यांची आहे, ती परत कशी करावी हे मला उमगत नाही.

परवा सकाळी प्रज्ञा आली, पाळी करून, थेट. डोळे तांबारलेले होते. अर्ज लिहायचा होता. कोणाच्या नावे, असे मी विचारले. "समितीच्या सदस्यांच्या. त्यांचं नाव पहिलं टाका," ती म्हणाली. मी मसुदा केला. माझा एकही शब्द त्यात घातला नाही. मधोमध लिहिले, 'आतून कडी लागेल अशी एक खोली.'

"हे वाक्य ओळखतील ना ते?" तिने विचारले.

"ओळखतील."

मी कागद वाचायला म्हणून तिच्यापुढे सरकवला. तिने तो लगेच उचलला नाही. स्टुलावर नीट बसली, वाकली आणि आपल्या कंपनीच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली. वेळ लागत होता. फाटकाशी दोन अर्जदार खोळंबले होते. मी हातातले काम ठेवून वाट पाहत बसलो.