अक्षरांमागे निघालेले साडू

जगात बिघडलेलं असं काही नसतंच, सगळं फक्त वाटेत कुठेतरी बिनसलेलं असतं, असं छातीठोकपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. ते कुसगावात राहतात आणि पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरात बसून करतात. काम कसलं, तर संगणकात साठवलेली मराठी नावं प्रोग्रॅमने वाचायला घेतली की कधी कधी त्यांच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली परदेशी अक्षरं उमटतात, ती निस्तरायची. मला त्यांनी हे एकदा वरणभात कालवता कालवता समजावलं. अक्षरं आत आकडे होऊन राहतात. ठेवताना एक तक्ता वापरला आणि वाचताना दुसरा, की झालाच गोंधळ. "टोपीवाली अक्षरं दिसली तर पेढे वाटा," ते म्हणाले, "आत माल शाबूत आहे. पण आतच प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील, तर त्या अक्षरांच्या नावानं आंघोळ करून मोकळे व्हा."

ही शिस्त संगणकापुरती राहिली असती तर माझी काहीच तक्रार नव्हती. एकदा आमच्याकडे चहा खारट झाला. बाकीच्यांनी तो ओतून टाकला असता, साडूंनी आधी कप चाखला, मग किटली, मग पातेलं, आणि शेवटी साखरेच्या डब्यापाशी पोचून "इथं!" असं ओरडले, तोवर पाहुणे निघूनही गेले होते. लोणावळ्यात एका लग्नात पडद्यावर नवरीच्या नावाऐवजी चौकटी दिसत होत्या, तर हे भरल्या ताटावरून उठले. नवरीचं नाव आलं, पण जिलबी गार झाली म्हणून माझी मेहुणी आठवडाभर धुसफुसत होती. वर गृहस्थ स्वभावाने भित्रे. रस्त्यात साधी गाय आली तरी पलीकडच्या दुकानात शिरून नको असलेली चिक्की घेतात.

अशा माणसाला मी वराळ्याच्या पलीकडच्या एका गावी यात्रेला नेलं, बैलगाड्यांची शर्यत दाखवायला! घाटापासून, म्हणजे गाडे धावतात त्या पट्टीपासून लांब, मांडवात, खुर्चीवर बसायच्या अटीवर ते आले. यात्रा कमिटीने यंदा नावनोंदणी संगणकावर केली होती. प्रत्येक बारीला गाडा सुटायच्या आधी मालकाचं नाव पडद्यावर येणार आणि निवेदक ते भोंग्यावरून गर्जणार. आमच्याकडे बक्षीस हुकलं तर माणूस सोसतो, नाव हुकलं तर पुढच्या यात्रेपर्यंत भांडतो. आणि पडद्यावर आल्या त्या टोप्या. निवेदक डोळे बारीक करून पडद्याकडे बघतोय, पब्लिक तापलेलं.

साडूंच्या चेहऱ्यावर मात्र दिवाळी. "कोणी काही दुरुस्त करू नका!" म्हणत ते संगणकाशी जाऊन बसले. आधी साठवलेली नावं पाहिली. ती धडधाकट होती. मग प्रोग्रॅम ती मागवतो कशी ते पाहिलं. मागवताना कुठला तक्ता वापरायचा हेच कुणी सांगितलं नव्हतं. एक ओळ घातली आणि नावं झरझर मराठीत आली. शिट्ट्या झाल्या. फक्त शेवटी आलेल्या एका गाड्याची नोंद दुसऱ्याच संगणकावर घेतली होती, तिथं आतच प्रश्नचिन्हं साठली होती.

"त्यात काय," कमिटीचे आबा म्हणाले, "गाडा वळखीचा हाय. म्हातारा गेला, आता पोराचं नाव टाका."

"तिथं काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही," साडू म्हणाले. "तुम्हालाही नाही. मी अंदाजाने अक्षर भरत नाही."

"आवो, बारी सुटंल! सायेब, तुमी लय ताणताय."

साडू उठले. चष्मा सावरला आणि ज्या बाजूला बैल उभे होते त्या बाजूला निघाले. मी मागे धावलो. शिंगं, शेपट्या, धूळ, गुलाल, यांतून तो माणूस डोळे अर्धे मिटून पुटपुटत चालला होता. बहुधा रामरक्षा असावी. शेवटी आलेली जोडी टोकाला होती, तिच्यापाशी एक मावशी बैलाची मान खाजवत उभ्या होत्या.

"मावशी, नोंदीत नाव कुणाचं दिलं होतंत?"

मावशींनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "माजं," त्या हळूच म्हणाल्या. "इंदूबाई. पोरगं पुण्यात ऱ्हातंय. पेंड मी चारते, शेण मी काढते. म्हनलं, एक डाव माजं नाव पुकारू द्या. न्हाई चालत का?"

"चालतं," साडू म्हणाले. बैलाने त्यांची बाही चाटली तरी ते जागचे हलले नाहीत.

भोंग्यावरून नाव गर्जलं, "गाडामालकीण इंदूबाई!" घाटावर जो कल्ला उठला तो मी तरी कधी ऐकलेला नाही. मावशींनी पदर तोंडाला लावला होता. गाडा मागे राहिला. त्यांनी तो पाहिला की नाही कोण जाणे. मला त्या वेळी साडूंना कडकडून मिठी मारावीशी वाटली, पण आमच्या नात्यात तशी पद्धत नाही.

परत येताना गाडीत ते बैलाने चाटलेली बाही पुन्हा पुन्हा पाहत होते. मला वाटलं, बैलांची भीती आता चढली असेल. कुसगावचा फाटा आल्यावर ते म्हणाले, "आमची आई जन्मभर शेतात राबली हो. पण उताऱ्यावर, दाराच्या पाटीवर, तिचं नाव कधी कुणी घातलंच नाही. तिथं शोधायला काही नाही."