बुडबुडे डावीकडे गेले

नव्वद साल उलटून गेल्यावरची गोष्ट. सायली गावातल्या धाग्याच्या फॅक्टरीत मी बॉबिनच्या पेट्या उचलायचो आणि दहा पेट्यांत धापा टाकायचो. कंपनीच्या डॉक्टरने माझ्या छातीला कधी नळी लावली नाही. नाडी धरली, हसला आणि कागदावर लिहिलं, कामचुकार आहे, दुखणं काही नाही. पंचविशीतला गडी मी, धुळ्याहून पोटासाठी आलेला. लाइनवरचे लोकसुद्धा "आला हिरो" म्हणून चिडवायला लागले. अंगाची नुसती आग व्हायची.

मॅनेजर म्हणाला, सुरतेला हृदयाची सोनोग्राफी करू, रिपोर्ट चांगला आला तर तुला घरी बसवू. म्हणजे माझी नोकरी त्या एका रिपोर्टवर. डॉक्टर स्वतः जीपमधून सोबत आला, मजा बघायला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ यंत्र फिरवलं. चित्र धूसर, नक्की काही दिसेना. आमचा डॉक्टर म्हणाला, "मी म्हणत नव्हतो? निव्वळ नाटकं!" बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी दोन सिरिंज एकमेकींना जोडल्या, आत सलाईन आणि थेंबभर हवा. इकडून तिकडे, तिकडून इकडे जोरजोरात ढकललं आणि ते फेसाळलेलं पाणी माझ्या हाताच्या शिरेत सोडलं. म्हणाल्या, "बुडबुडे टीव्हीवर चमकतात. हृदयाच्या उजव्या भागात येतील, पुढे फुफ्फुसात विरतील. लगेच डावीकडे दिसले, तर मधल्या भिंतीला भोक आहे."

उजवा भाग पांढरा झाला. आणि लगेच डावीकडे ठिपके! मग पुंजकाच. खरं तर मी घाबरायला हवं होतं. मी डॉक्टरकडे वळून म्हणालो, "बघा ना साहेब, यातलं नाटक कुठलं?" त्याचं तोंड एवढंसं झालं.

परतताना तो हळूच म्हणाला, "भाऊ, कुणाला सांगू नको." भाऊ! कालपर्यंत कामचुकार होतो.

ऑपरेशन झालं, नोकरी टिकली, आणि मी कॅन्टीनमध्ये रोज सांगितलं. अहिराणीत, हिंदीत, मोडक्यातोडक्या गुजरातीत. त्याच्या दवाखान्याकडे कुणी फिरकेना. शेवटी कंपनीने त्याला काढलं.

त्याच्या सामानाचा टेम्पो सायलीजवळच्या आमलीतल्या माझ्या खोलीसमोरून गेला. पुढे तो, शेजारी त्याची बायको, तिच्या मांडीवर झोपलेलं लेकरू. मी दारात उभा राहून खदाखदा हसलो. माझी बायको म्हणाली, "अहो, त्या लेकराकडे तरी बघा."

बघितलं. तरी हसलो. लाज वाटायला हवी होती. अजूनही वाटत नाही.