देवरे सर आणि अठराची छाप

मूर्खपणाची कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील. ज्या माणसानं एक वाक्य बोलायला हवं होतं, त्याच्या शेजारी बसून त्याच्या वतीनं मी सव्वा तास बोलले. छान बोलले. दोन बायकांनी डोळे पुसले. आणि त्या सव्वा तासात त्या माणसाचा संसार बुडवून, पदर सावरत घरी आले.

तो माणूस म्हणजे देवरे सर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे सटाण्याकडचे, कॉलेजात गणित शिकवायचे. जिन्यात भेटले की भिंतीला चिकटून वाट द्यायचे. ‘काय सर, झालं जेवण?’ ‘हो ताई.’ संपलं. म्हणून एका रविवारी दुपारी वरून म्हातारीचं खिदळणं, मग राजाची डरकाळी आणि पाठोपाठ कुणा चोराची गयावया ऐकू आली, तेव्हा मी तडक वर गेले. साखर मागायला. वाटी न्यायला विसरले होते.

आत सर फटाक्यांच्या खोक्याचा पुठ्ठा आडोशासारखा उभा करून बसले होते. समोर त्यांचे तीन विद्यार्थी. कुणा नातेवाइकानं परदेशातून पाठवलेल्या पुस्तकाची झेरॉक्स मध्ये पडलेली. खेळ असा, की प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. सर सूत्रधार, वाटेत भेटणारा प्रत्येक राजा, राक्षस, भिकारी म्हणजे सरच. काय करायचं ते आपण सांगायचं, जमलं की नाही ते नशीब ठरवणार. त्यासाठी लागणारा वीस बाजूंचा फासा नाशकात मिळेना, म्हणून हाउजीच्या एक ते वीस सोंगट्या कापडी पिशवीत घातलेल्या.

‘या बाई, बसा, भाकरी टाकते,’ पुठ्ठ्यामागून खानावळवाली म्हातारी म्हणाली. सरांच्या ओठांवर मिशी होती, एवढंच काय ते वेगळं.

मी बसले ती दर रविवारी बसत गेले. तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची, महिला मंडळाची अध्यक्ष. माईक दिसला की माझे पाय आपोआप तिकडे वळायचे. या खेळात प्रत्येक सोंगाला सहा गुण असतात: बळ, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिश्मा. सर त्या शेवटच्याला छाप म्हणायचे. किती गुण ते तीन साधे फासे टाकून ठरायचं. मला बळ पाच आलं आणि छाप अठरा. अठराच्या वर काही नसतंच.

पोरं हळहळली. योद्धा झालेला अमोल म्हणाला, ‘काकू, वाया गेले ना! छाप काय कामाची? ड्रॅगनला काय बारशाला बोलवायचंय?’

सर पुठ्ठ्यामागून म्हणाले, ‘छापेनं राक्षस मरत नाही. पण आपल्याला मारायची त्याची घाई कमी होते.’

त्याच दुपारी एका पुलाखाली राक्षस निघाला. अमोलनं तलवार उपसली. मी म्हटलं, थांब रे. आणि राक्षसाला विचारलं, ‘अहो, एवढ्या ओलीत राहता, गुडघे दुखत नाहीत का?’ पिशवीतून सोंगटी काढली, सतरा. त्यात माझी छाप. पुठ्ठ्यामागून राक्षसाच्या घोगऱ्या आवाजात चक्क हुंदका आला: ‘आजवर कुणी विचारलं नाही हो.’ आम्ही चौघं पुलावरून आरामात गेलो. राक्षसानं अमोलची पिशवीसुद्धा उचलून दिली.

मग काय! पोरं कुठेही अडली की ‘काकू, तुम्ही बोला.’ दरवान, सावकार, चेटकीण, सगळ्यांशी मीच. पोरांनी हळूहळू तोंड उघडणंच सोडलं आणि मला वाटायचं, बघा, माझ्यावाचून कसं अडतं यांचं. एकदा तळघरातल्या कैद्यानं अमोलला विचारलं, ‘तू का आलास?’ उत्तर मी दिलं. सरांनी पुठ्ठा खाली केला. त्यांचा चेहरा खेळात मी पहिल्यांदाच पुरता बघितला.

‘ताई, विचारलं अमोलला.’

‘अहो, पण त्याची छाप सहा!’

‘सहावाल्यालाही कधी कधी स्वतःच बोलावं लागतं.’

मी हसले. सोंगटी काढायला हात पुढे केला.

त्या दिवाळीत सरांची बायको सुरेखा लहान मुलीला घेऊन माहेरी सटाण्याला गेली ती आलीच नाही. भांडण नाही, मारहाण नाही. सरांनी जिन्यात उभं राहून, माझ्याकडे न बघता सांगितलं, ‘ती म्हणते, भिंतीशी संसार होत नाही.’ मग जरा वेळानं, ‘पुठ्ठ्यामागे मला कुणाचाही आवाज येतो, ताई. माझाच येत नाही.’ सासऱ्यांनी बैठकीला बोलावलं होतं. एकदाच. न्यायची असेल तर येऊन न्या, नाहीतर तिला इथल्या शाळेत नोकरीला लावतो.

‘मी येते,’ मी म्हटलं. ‘अठराची छाप आहे माझी!’

‘फक्त सोबत या,’ सर म्हणाले.

फक्त हा शब्द मी कधी ऐकला आहे का आयुष्यात?

एसटीनं वणीवरून सटाण्याला गेलो. ओसरीवर सतरंजी, चार वडीलधारे, दाराच्या आत बायका. पाणी आलं. सरांनी घसा खाकरला, श्वास घेतला, ओठ उघडले. मला वाटलं, बिचारा अडकला. आणि मी सुरू झाले. सरांचा स्वभाव, त्यांचं कष्टाळूपण, मुलीवरची माया; मी काय काय सांगितलं! मध्येच सासऱ्यांनी हात वर केला. ‘बाई, तुम्हनं बोलनं गोड शे. पन जवाई काय म्हनस?’

जावई काय म्हणतो, असं विचारलं होतं त्यांनी. तेही उत्तर मीच दिलं. ‘अहो, ते लाजतात हो!’

सगळे हसले. मी आणखी खुलले. सर सतरंजीचा दोरा बोटाला गुंडाळत बसले ते शेवटपर्यंत. चहा काही आला नाही. मला वाटलं, दूध नासलं असेल.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, ‘विरघळलेत सगळे. बघा, आठवड्यात येते.’ सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘त्या घरी जावई बोलल्यावर चहा येतो, ताई.’

ती आली नाही. सोडचिठ्ठीही झाली नाही. पुढच्या रविवारी पोरं आली, सरांनी दार उघडून ‘आज नको’ म्हटलं आणि तो ‘आज’ संपला नाही. मी शिरा घेऊन वर जायची, गप्पा मारायला बघायची. ते ‘हो ताई’ म्हणायचे. पाच-सहा वर्षं वरच्या मजल्यावरून फक्त नळाचा आवाज यायचा. माझी सगळी छाप त्या एका दारासमोर फुकट होती. एका सकाळी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या ते गेले. कुणाच्या लगेच लक्षातही आलं नाही, म्हणे. नेहमीसारखेच गप्प होते.

आता माझी नात हाच खेळ कॉम्प्युटरवर खेळते आणि विचारते, ‘आजी, करिश्म्याला कोण पॉइंट घालतं गं?’ मी काही बोलत नाही. तेवढं शिकले, फार उशिरा.

सरांच्या तेराव्यानंतर सुरेखा घर आवरायला आली होती. मी दाराशी उभी राहून, कधी नव्हे ते शब्द शोधत होते. ती पुस्तकं बांधता बांधता, अजिबात न रागावता म्हणाली:

‘काकू, तुम्ही फार चांगलं बोललात त्या दिवशी. माझी आई रडली. मी दाराआडच उभी होते. यांनी नुसतं “चल” म्हटलं असतं ना, तरी निघाले असते. चपला घालूनच उभी होते मी.’