मोगऱ्याच्या वासाचा चहा

अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत घरोघरी चहा दूध-साखर घालून खळखळ उकळायचा. शेजारच्या काकूंचं निराळंच. त्यांचा भाऊ दार्जिलिंगहून अर्धवट आंबवलेली चहाची पानं पाठवायचा. त्यांवर नुसतं आधणाचं पाणी ओतून काकू कपावर बशी झाकायच्या.

"आता बोलू नोको गा, वास पळते."

बशी उचलली की खोलीत मोगरा फुलायचा, आणि चहात तर फुलाची पाकळीसुद्धा नसायची! मी घोट घेताना त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघायच्या आणि मग म्हणायच्या, "जमला."

एकदा माझा घोट झाला तरी त्या गप्पच. तो चहा मोरीत ओतून त्यांनी पुन्हा केला. पुन्हा तेच.

"आज वास नाही आला काहून?"

"सर्दी झालीय, काकू. नाकच बंद आहे."

"मंग सांगाचं ना गा! मले तं लहानपणच्या तापापासून कशाचाच वास येत नाही. तुह्या तोंडावरूनच समजते मले."

तेवढ्यात नळावर निघालेली शेजारीण दारात थबकली.

"काय वं, मोगरा आणला का?"

काकूंनी तिचं तोंड नीट निरखून पाहिलं.

"जमला," त्या मला म्हणाल्या.